संधिप्रकाश धरून

आण्णा,

इथं आता भर हिवाळा आहे. जुलै चालू आहे आणि पाच वाजायच्या आत घरात दिवे लावावे लागतात. हे पाळीवर गेलेत, लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असते, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून बाहेरचं कुंपण हळूहळू दिसेनासं होताना बघते आहे. दिवसभर तुमची आठवण येत नाही, खोटं कशाला सांगू. कामं असतात. पण ही वेळ झाली की येते, कारण ह्याच वेळी तुम्हाला माझी गरज असायची. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दिवस मावळायला लागला की माझा डावा हात उगाचच मोकळा वाटतो.

तुम्हाला रातांधळेपण होतं हे आपल्या आणे गावात फक्त तिघींना ठाऊक होतं. आईला, मला आणि शेजारच्या काकूंना. दिवसा तुम्ही लांबून येणाऱ्या माणसाला चालीवरून ओळखायचात, वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराची चुळबूळ टिपायचात, पण सूर्य बुडाला की तुमच्यासाठी सगळं संपायचं. बाकीच्यांना तासभर पुरणारा तो भुरकट उजेड तुमच्या वाट्याला कधी आलाच नाही. आई होती तोवर तिनं सांभाळलं. मी तिसरीत असताना ती गेली आणि ते काम माझ्याकडं आलं. तुमची शाळा आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरात. आठवडाभर मी काकूंकडं राहायची आणि शनिवारी थांब्यावर जाऊन उभी राहायची. घोडेगाव, मंचर, नारायणगाव, आळेफाटा करत तुमची एसटी पठारावर चढेपर्यंत हमखास तिन्हीसांज व्हायची. तुम्ही दांडी धरून उतरताय, पाय जमिनीला लागेपर्यंत तुमचा चेहरा कसानुसा झालाय, आणि मी पुढं होऊन तुमचा हात धरते आहे. तुम्ही मोठ्यानं विचारता, "काय गं, अभ्यास झाला का?" पारावरच्या लोकांना ऐकू जावं म्हणून. लोक म्हणायचे, गुरुजींचा लेकीवर लई जीव, बघा कसं हात धरून नेतात. आपण दोघं काही बोलायचो नाही. खड्डा आला की मी तुमचं बोट जरा दाबायची, पायरी आली की हात वर उचलायची. त्या खुणा आपण कधी ठरवल्या नव्हत्या.

एकदा दिवाळीच्या सुट्टीआधी तुम्ही मला तुमच्या शाळेवर नेलं होतं. आपलं पठार उघडं, आभाळ चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं, त्यामुळे आपल्याकडं उजेड शेवटच्या थेंबापर्यंत मिळतो. तिथं मात्र डोंगराची धार उभी. घड्याळात अजून दुपारच म्हणावी आणि सूर्य धारेमागं गेलेला. भाताच्या खाचरांत बायका कापणी करत होत्या, त्यांना भरपूर दिसत होतं, आणि तुम्ही घाईघाईनं भाकरी उरकून, भांडी विसळून, खोलीचं दार लावून घेतलंत. बाहेरून कुणीतरी हाक मारली, "गुरुजी, या की शेकाया." तुम्ही आतून म्हणालात, "दमलोय बाबा आज." मग मला ऐकू आलं, तो माणूस दुसऱ्याला सांगत होता, "गुरुजी भुताला भितात. दिस बुडला की भायर येत न्हाईत." मी हसले. तुम्हीही हसलात. पण नंतर तुम्ही कंदिलाच्या इतके जवळ बसलात की मला कपड्यांची काळजी वाटली. आठवड्यातल्या साऱ्या संध्याकाळी तुम्ही अशाच काढत असणार, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

जुन्नरच्या डॉक्टरांनी गाजरं आणि गोळ्या दिल्या होत्या. पुढं पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडं गेलो, तेव्हा मी कॉलेजात होते. त्यांनी डोळ्यात थेंब घातले, बराच वेळ बघितलं आणि सांगितलं की हे पडद्याचं दुखणं आहे, याला औषध नाही. परतताना तुम्ही गाडीत खिडकीशी बसलात आणि मंचर येईपर्यंत बाहेर बघत राहिलात. मग म्हणालात, "निम्मा दिवस तर आपला हाय. कुणाकुणाला तेवढाबी नसतो."

आणि मग निमगाव सावाचं ते स्थळ आलं. मुलगा चांगला, घर माहितीतलं, पण नोकरी न्यूझीलंडला, दुधाच्या कारखान्यात. मी नाही म्हटलं. कारण मी सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाहीत. मे महिना होता, तुम्हाला सुट्टी होती. मी रोज दुपारी आळेफाट्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. पाहुण्यांना उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा एका संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "थांब्यावर जाऊ. चहा पिऊ." गेलो, चहा प्यायलो, दिवस मावळला. मी उठून हात पुढं केला तर तुम्ही धोतर सावरत म्हणालात, "तू मागनं ये." आणि चालायला लागलात. मी पाच-सहा हात मागं. पिठाच्या गिरणीपाशी तुम्ही वळलात, गोठ्याजवळ जरा थबकून म्हशीला वळसा घातलात, नळाच्या चिखलाला चुकवलंत. समोरून कुणी "राम राम गुरुजी" म्हणालं, तुम्ही आवाजाकडं बघून "राम राम" केलंत. आपल्या दारात पोचल्यावर कडीवर हात ठेवूनच तुम्ही मागं वळलात. तुमचे डोळे माझ्या जरा बाजूला बघत होते.

"बघितलंस न्हवं?" तुम्ही म्हणालात. "मला जमतंय. आता त्यांना हो म्हणून कळवू का?"

मी हो म्हटलं. मला खरंच वाटलं, तुम्हाला जमतंय.

तुम्ही निवृत्त होऊन घरी फोन घेतलात, तेव्हा आपली वेळ ठरली. तुमचा दुपारचा चहा झाला की मी फोन लावायची. इकडं लेक झोपलेली असायची. तुमचा पहिला प्रश्न कायम तोच, "तिकडं अंधार?" मी म्हणायची, मिट्ट. मग तुम्ही पिकाचं, काकूंच्या गुडघ्यांचं, उसात दिसलेल्या बिबट्याचं सांगायचात. एका आषाढात मात्र तुमचा आवाज वेगळाच होता, वर्गातला. "आज एक गंमत सांगतो. शाळेतनं पृथ्वीचा गोल मागून आणलाय. ह्या दिवसांत, आत्ता ह्या घटकेला, जगातली जवळजवळ सगळी माणसं उजेडात हायेत. कसं बघ. जमीन जास्त वरच्या अंगाला, माणसंबी तिथंच, आणि सूर्यबी सध्या वरच्याच अंगाला. आपल्याकडं दुपार कललीय. आफ्रिकेत, युरोपात भर दुपार. अमेरिकेत दिवस उगवतोय, पार पलीकडच्या किनाऱ्याला नुसतं फटफटतंय. चीन-जपानात दिवस बुडालाय, पण आभाळातला उजेड गेला न्हाई. म्हणजे संधिप्रकाश धरून बघितलं, तर माणूसजात बहुतेक उजेडात."

"मग अंधारात कोण?" मी विचारलं.

तुम्ही गोल फिरवलात, त्याची कुरकुर मला इथवर ऐकू आली. "समुद्र," तुम्ही म्हणालात. "नुसतं पाणीच पाणी. थोडी बेटं. बराचसा ऑस्ट्रेलिया." मग थांबलात. "आणि तू."

मी हसले, पण ते हसू तुमच्यापर्यंत पोचायला क्षणभर वेळ लागला असावा, कारण तुम्ही घाबरून भराभर बोलायला लागलात. "पण ते संधिप्रकाश धरून, बरं का. पुस्तकवाले धरतात. मी न्हाई धरत. मला इचारशील तर जपानवाले, चीनवाले, तिकडचे अमेरिकावाले, समदे अंधारात. लई माणसं हायेत तुझ्या बाजूला. तू एकटी न्हाईस." मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि बराच वेळ दिवा न लावता तशीच उभी राहिले. तुम्ही माझी समजूत घालायला अर्धं जग अंधारात ढकललं होतं.

तुम्ही गेलात ते भर दुपारी, अंगणात, खुर्चीवर. मला पोचायला दहावा उजाडला. त्या संध्याकाळी काकू चुलीपाशी बसल्या होत्या, मी भांडी पुसत होते, आणि त्या अचानक म्हणाल्या, "तुला म्हाईत न्हाई पोरी. तुझं लगीन ठरायच्या आदी तू कलासला गेलीस की तुझा बाप रोज थांब्यावनं घरापतुर डोळं मिटून चालायचा. भर उन्हात. दोनदा पडलं. गाव म्हनायचं, गुरुजींला झालंय काय! मी म्होरं हून दगडं उचलायची. म्हनायचे, वैनी, येकदाच जमलं पायजे, येकदाच."

"आणि मी गेल्यावर?" मी विचारलं.

काकूंनी पदर तोंडाला लावला. "त्याच्यानंतर येकदाबी न्हाई. दिस कलला की आतनं कडी. मी ताट न्यायची ते उजेड आसतानाच. कुनी हाक मारली तर म्हनायचे, लेकीचा फोन यायचाय."

फोन तर दुपारीच होऊन गेलेला असायचा, आण्णा.

मी रडले नाही तेव्हा. ताटं मांडली, लोकांना वाढलं. इकडं परत आल्यावर, विमानतळावर लेकीनं "तू ठीक आहेस ना" असं इंग्रजीत विचारलं, तेव्हा रडले.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, हे मला माहीत आहे. आणे गावचा पत्ता घातला तरी त्या दारात आता दुसरी माणसं राहतात. पण लिहायला बसले ते एक गोष्ट सांगायला, आणि ती सोडून बाकी सगळं लिहून झालं. लहानपणी आईला मी तू म्हणायची आणि तुम्हाला तुम्ही. तशीच रीत होती आणि ती मी कधी मोडली नाही. पण त्या शनिवारच्या वाटेवर, हात धरून चालताना, मनात मी तुमच्याशी सारखी बोलायची, आणि तिथं तुम्ही नव्हतात. तिथं तू होतास. जरा बाजूला हो. इथं पाय उचल. मी आहे ना.

तेवढं तोंडानं कधी म्हणता आलं नाही, आण्णा. म्हणायचं होतं.