गॅरेजमधली कसर

आबा, आपल्या गॅरेजमध्ये पाखरं झालीत. आपल्या म्हणते खरी, पण तुम्ही हे गॅरेज बघितलेलंच नाही. तुम्ही गेलात तेव्हा आम्ही भाड्याच्या खोल्यांत राहत होतो. आता सांगलीत स्वतःचं घर आहे, ह्यांनी फौजेतून आल्यावर बांधलं, आणि त्याला शटरचं गॅरेज आहे, त्यात गाडी नावाला आणि अडगळच जास्त. गेल्या महिन्यात शटर वर केलं की बारकी बारकी, कोंड्याच्या रंगाची पाखरं उठायची आणि उजेडाकडं यायचं सोडून उलटी अंधाऱ्या कोपऱ्यात पळायची. दिव्यावर झडप घालणारी पाखरं जन्मभर बघितली, पण उजेडाला भिणारं पाखरू पहिल्यांदाच बघितलं आणि मी शटर तसंच खाली ओढलं. कारण त्याच गॅरेजच्या माळ्यावर ह्यांची फौजेतली काळी पेटी आहे आणि त्या पेटीत तुमची घोंगडी आहे.

तुमच्या नातीचं लग्न ठरलंय. आपल्यात नवरानवरीला घरातल्या थोरल्या माणसाच्या घोंगडीवर बसवतात, हे मी तिला ती एवढीशी होती तेव्हापासून सांगत आलेय. त्यामुळं हॉल, डेकोरेशन, ड्रोनवाला फोटोग्राफर असं सगळं मनासारखं झालं तरी बाईसाहेबांचं एकच, "बसणार तर आबांच्याच घोंगडीवर. हॉलवाल्याची गादी मला नको." आणि फाटकी, किडकी घोंगडी मांडवात चालत नाही, थोरल्यांनी ती अखंड म्हणावी लागते, हेही मीच तिच्या डोक्यात भरलेलं. तुमच्या बाराव्यानंतर थोरल्या आत्यानं घोंगडीची घडी घातली, वर मुठीनं भंडारा टाकला, लोकरीच्या दोरीनं करकचून गाठ मारली आणि मला बजावलं, "आता ही सुटायची ती लग्नात. गाठ मी सोडनार. तवर कुनी हात लावायचा न्हाई." मी बरं म्हटलं. तुमच्या बहिणीला बरं सोडून दुसरं काही म्हणायची कुणाची टाप होती? तुम्ही तरी कधी म्हणालात का? मलाही वाटलं, एवढी हळद आहे म्हटल्यावर कीड कशाला जातेय तिथं. हळदीच्या गावात राहून हे वाटलं मला! इथल्या पेठेत हळकुंडालासुद्धा कीड लागते, हे शेंबडं पोरही सांगेल.

मग आम्ही पाखरांच्या मागं लागलो. गेल्या सालच्या गव्हाचं पोतं निघालं, ह्यांचा जुना गालिचा निघाला, पोरीचे लहानपणीचे स्वेटर निघाले. गव्हात काही नव्हतं. गालिचा उलटा केला तर खालून अळ्यांची ही पुंजकी, पांढऱ्या धाग्यासारखी. तो जाळला, स्वेटर जाळले. फरशी रॉकेलनं पुसली, डांबराच्या गोळ्या टाकल्या, कडुलिंबाच्या पाल्याचा असा धूर केला की शेजारीण विचारायला आली, काय पेटलं का म्हणून. दोन दिवस शांत. तिसऱ्या दिवशी शटर वर केलं, पुन्हा भुर्र.

हे म्हणाले, "आता पेटी उघड. दुश्मन कुठं बसलाय ते न बघताच तुझा गोळीबार चाललाय."

"आत्यानं नको म्हटलंय."

"आत्या औंधाकडं बसलीय. पेटी इथं आहे. आजपर्यंत एकदा ऊन दाखवलंस घोंगडीला?"

"तुम्ही गप बसा! तुमचा नाही तो बाप!" मी ओरडले. कधी नव्हे ते हेही भडकले. शटर धाडकन खाली ओढून कुपवाडला कामावर निघून गेले आणि मी गाडीला टेकून रडत बसले. बरोबर बोलत होते म्हणून तर राग आला होता. माळ्यावर मान वर करून बघायचंही धाडस होत नव्हतं मला. वाटायचं, उघडली आणि आत नुसता भुसा निघाला तर काय करू मी? उघडत नाही तोवर ती अख्खी आहे.

तुम्हाला आठवतं का, दिवाळीनंतर आपण मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला उतरायचो. उन्हं कडक झाली की तुम्ही घोंगडी काठीनं झोडपायचा आणि मुंग्यांच्या वारुळावर नेऊन अंथरायचा. तांबड्या मुंग्या तिच्यावर अशा चढायच्या की काळी घोंगडी हललेली दिसायची. मी बोंब मारायची, आबा, खातील की ओ! तुम्ही हसायचा. "मुंग्या लोकर खात न्हाईत गं. लोकर खानाऱ्या किड्याला खात्यात. जरा दम धर." संध्याकाळी झटकून तीच माझ्या अंगावर टाकायचा. घामाचा, धुराचा, मेंढराच्या दुधाचा, तंबाखूचा असा तो तुमचा वास. त्या वासात मला जी झोप लागायची ती पुन्हा कुठल्या गादीवर लागली नाही.

आणि त्याच घोंगडीवर तुम्ही मला एकदा बसवलं होतं. कोकरू हरवलं होतं त्या दिवशी. मी उसाच्या बांधावर कांडं सोलत बसले होते, आणि कुत्र्यानं नेलं म्हणून सांगायचं मनात पक्कं केलं होतं. तुम्ही हात उगारला नाही. घोंगडी अंथरली, मला मधोमध बसवलं आणि समोर उकिडवे बसलात. "आता बोल. खरं बोलनार असशील तर बोल, न्हाईतर उठ. ह्याच्यावर बसून खोटं बोललेलं बोलनाऱ्याला लागत न्हाई, घराला लागतं." मी मिटक्या मारत ऊस खात होते, असं रडत रडत सांगितलं. कोकरू विहिरीच्या कडेला झुडपात सापडलं. तुम्ही त्याला आणि मला एकाच घोंगडीत गुंडाळून आणलंत. रागावलात मात्र नंतर आठवडाभर, न बोलता.

तर आबा, आत्या आली. नव्वदीला टेकलीय. पाठीत वाकलीय, दिसतं अंधूक, आणि करोना होऊन गेल्यापासून तिला कशाचाच वास येत नाही. गॅसवर दूध करपलं तरी पत्ता नसतो. पण आवाज तोच. रिक्षातून उतरल्या उतरल्या म्हणाली, "घोंगडी कुठं हाय? आधी ती काढ, चा मागनं." ह्यांनी पेटी खाली घेतली. झाकण उघडलं आणि दोनचार पाखरं माझ्या तोंडासमोरून गेली. आत्याला ती दिसली नाहीत. गाठ तिच्या बोटांना सुटेना, पण आम्हाला हात लावू देईना. शेवटी दातानं सोडली. घडी उलगडायला लागली तशी हळद भुरुभुरु खाली पडली, बरोबर भुसा, अळ्यांच्या नळ्या. आत्यानं हात फिरवायला सुरुवात केली. एका भोकातून बोट आरपार गेलं, मग दुसऱ्यातून. पोर माझा दंड धरून उभी. हे खाली मान घालून. आत्याचा हात पुढं पुढं जातोय.

"कसर लागली," आत्या म्हणाली. "मीच बांधून ठिवली न्हवं. पांगरायची वस्तू देवासारकी बांधली. माझीच अक्कल शेन खायाला गेली हुती."

"आजी, मी बसणार ह्याच्यावरच," पोर म्हणाली.

"तू गप. मला इचारू दे." आणि माझ्याकडं तोंड केलं. "खाली बस गं. बस तिच्यावर. नाक लाव. त्याचा वास हाय का बग. वास आसंल तर घोंगडी माज्या भावाची हाय, मग भोकं आसू देत, मी अखंड म्हनीन. नसंल तर ती नुसती लोकर, जा बाहीर टाकून द्या."

मी गुडघे टेकून बसले. वाकले. घोंगडीत तोंड खुपसलं. पोरीचे पाय माझ्या शेजारी होते, मेंदी अजून लागायची होती त्यांना.

"हाय का?"

"हाय, आत्या."

"नीट सांग."

"हाय. तंबाखूचा पण येतोय."

आत्या फरशीवर बसकण मारून लहान पोरीसारखी रडायला लागली. "अखंड हाय," म्हणाली, "माज्या भावाची घोंगडी अखंड हाय." मग डोळे पुसले आणि लगेच हुकूम सुरू. वारूळ हुडका. सांगलीत वारूळ हुडकायचं म्हणजे काय खेळ आहे! कॉलनीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर बाभळीच्या बुडाला ह्यांना सापडलं. दिवसभर तुमची घोंगडी तिथं मुंग्यांखाली पडली होती, आणि येणारा जाणारा थांबून बघत होता. शेजारीण म्हणाली, ड्रायक्लीनला का नाही टाकत? हे तिला गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "हे आमचं ड्रायक्लीनच आहे वहिनी." मला हसू आलं, किती दिवसांनी आलं. दुसऱ्या दिवशी गच्चीवर ऊन दिलं. भोकं काळ्या लोकरीनं मी आणि पोरीनं मिळून रफू केली. अगदी जवळून बघितलं तरच दिसतात. पेटी ह्यांनी रिकामीच ठेवलीय, झाकण उघडं टाकून. गॅरेजात कालपासून एक पाखरू नाही.

उद्या लग्न आहे. बाहेर मांडवाचे खांब ठोकताहेत, आत्या सगळ्यांवर ओरडतेय, आणि मी ह्या खोलीत दार लावून तुम्हाला लिहितेय. हे पत्र मी कुठं टाकणार? ठेवणारही नाही, कसर कागदसुद्धा खाते. चुलीत घालीन.

तुम्हाला कळलंच असेल. वास नव्हता आबा. मी छाती भरून श्वास घेतला, दोनदा घेतला. जुनी हळद होती, धूळ होती, तुम्ही नव्हता. तुमच्या घोंगडीवर बसून खोटं बोलले मी, एकदा नाही, दोनदा, वर तंबाखूही घातला. काय लागायचं ते मला लागू दे, तुम्ही बघा तेवढं. उद्या त्यावर पोर बसणार आहे, आणि ती काही खोटं बोललेली नाही.