मागून उघडणारी खिडकी

सोमवार, ८ ऑक्टोबर २००१

लागले बाई एकदाची नोकरीला! पितृपंधरवड्यात नवं काही धरू नये, असं आईनं पेठहून फोनवर बजावलं. मी म्हटलं, पितर आपले आणि कंप्युटर शेठचा. त्यांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही. म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रोडला हे कोल्ड स्टोरेज आहे. मी राहते पंचवटीत कलाआत्याकडे. आत्याला मूलबाळ नाही, तिनं मागची खोली माझ्यासाठी झाडूनपुसून ठेवली, वर नवी चादर. आणखी काय हवं?

काम असं की, थंड खोल्यांची दारं नि आतली थंडी कंप्युटरवरून चालते, तो प्रोग्राम मी सांभाळायचा. मालक कारभारीशेठ. दारं हातानं उघडायच्या कळा त्यांनी आतून-बाहेरून काढून टाकल्यात, माल चोरीला जातो म्हणून. कंप्युटरवर बसतात झुंबरमामा. वयानं माझ्या वडिलांएवढे, पण एंटर असा हाणतात की टेबल हलतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला उपदेश केला, "लय डोकं नका लावू, ताई. पडद्यावर खिडकी आली की एंटर मारायचं अन् मोकळं व्हायचं."

बुधवार, १० ऑक्टोबर

आज प्रोग्राम उघडून बसले. माझ्याआधी कुणी ज्ञानेश होता, त्यानं लिहिलाय. फार सुबक लिहिलाय, हेवा वाटावा इतका. प्रोग्रामचे दोन भाग आहेत. पुढचा पडद्यावर दिसतो, मागचा गुपचूप दारं आणि थंडी सांभाळतो. मागच्यानं स्वतः तोंड उघडायचं नाही, काही विचारायचं तर पुढच्यामार्फत विचारायचं, असा आमच्या धंद्यातला रिवाज आहे. ज्ञानेशनं मात्र एके ठिकाणी मागूनच खिडकी उघडलीय. दार बंद करण्याआधी ती विचारते, खोलीत कोणी आहे का? इंग्रजी अक्षरांत मराठी. खाली येस आणि नो. नुसतं एंटर मारलं तर नो लागतं आणि दार बंद.

अशा खिडकीला मोडल म्हणतात. तिला उत्तर दिल्याशिवाय बाकी काही म्हणजे काही हलत नाही. रुसलेला जावईच तो, त्याची समजूत काढल्याशिवाय पंगत बसायची नाही. ज्ञानेश आता कुठे असतो, असं शेठना विचारलं. गेला तो, म्हणाले. अमेरिकेलाच गेला असणार, आजकाल सगळे जातात.

सोमवार, १५ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीनंतर ती खिडकी आपोआप आली. तीन नंबरच्या खोलीत कोणी आहे का? आता तीन नंबर म्हणजे उणे वीसची खोली, मटार गोठवायची. ती वर्षभर बंद आहे, आत माल नाही. कोण कशाला दार लावतंय? झुंबरमामांनी न बघता एंटर हाणलं. थोड्या वेळानं पुन्हा तीच. मामांनी पुन्हा हाणलं. मला हसू आलं आणि रागही आला. संध्याकाळी ती ओळच काढून टाकली आणि प्रोग्राम नव्यानं बसवला. जावईबापूंची कायमची बोळवण!

गुरुवार, १८ ऑक्टोबर

खिडकी आली. सगळा कोड चाळला. ती ओळ नाही. मग खिडकी उघडतंय कोण?

मामांनी एंटर मारलं तर लगेच दुसरी आली. तिच्यात लिहिलं होतं, नीट बघ. हे शब्द कोडमध्ये कुठेच नाहीत, नव्हतेही. मामांनी तीही न वाचता घालवली. मी वाचली.

शनिवार, २० ऑक्टोबर

झेंडू यायला लागला. मखमलाबाद, म्हसरूळच्या मळ्यांतले क्रेट, एक आणि दोन नंबर गच्च भरले. दसऱ्यापर्यंत माल इथे राहणार.

आज मामांना बाजूला घेऊन खोदून विचारलं. आधी नाय-नाय केलं, मग खाली बसले. ज्ञानेश अमेरिकेला गेलेला नाही. तीन नंबरमध्ये थंडी नीट लागत नव्हती म्हणून तो आत बघायला गेला होता. "दिवसभर खिडक्याच येत्यात, ताई. कोन वाचतंय? मी एंटर मारलं. सकाळी दार उघडलं तर पोरगं दाराशीच बसलेलं." मामा रडले. मलाही रडू आवरेना. स्वतःच्या जिवासाठी लिहिलेली खिडकी, आणि कुणी वाचली नाही.

सोमवार, २२ ऑक्टोबर

दुपारी खिडकी आली तेव्हा मामा जेवायला गेले होते. तीन नंबरच्या खोलीत कोणी आहे का? मला त्याची इतकी दया आली. एकदा तरी कुणी खरं उत्तर द्यावं. मी येस दाबलं.

पुढची खिडकी आली— बाहेर येऊ?

मी पुन्हा येस दाबलं. का दाबलं? कुणीही दाबलं असतं.

मग तिसरी आली. ज्ञानेश बाहेर. सुवर्णा आत. खाली एकच बटण. ओके.

मी माझं नाव या प्रोग्रामला कधी सांगितलेलं नाही.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

कंप्युटर बंद करून चालू केला. तीच खिडकी. जुना प्रोग्राम टाकला, हाच कीबोर्ड लावून दुसरा कंप्युटर जोडला. तीच. मागचं सगळं ठप्प. दारं उघडत नाहीत, झेंडू आत अडकलाय. फाटकाशी शेतकऱ्यांचे टेम्पो लागलेत. नवसाबाई म्हणून म्हसरूळच्या आहेत, त्यांनी माझा हात धरला. "पोरी, दसरा गेल्यावर फुलं कोन घेतंय? काय ते बटन दाब की." काय सांगू त्यांना?

शेठ ओरडले, एक ओके दाबायला तुझं काय जातंय? माझं काय जातंय ते मी त्यांना सांगितलं. ते हसले.

कुणी पाहत नाही असं बघून मी कीबोर्ड आणि माऊस पिशवीत घातले आणि घरी घेऊन आले. आता कोण काय दाबतंय?

बुधवार, २४ ऑक्टोबर

ताप आल्याचं कळवलं. शेठचे फोन येतायत, आत्याच घेते. कीबोर्ड माझ्या उशाखाली आहे. नवसाबाईंचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. पण मला जगायचंय. मला भीती वाटते— साधी, लहान पोरासारखी—

गुरुवार, २५ ऑक्टोबर. खंडेनवमी

आत्यानं विळी, सुरी, पाटा-वरवंटा मांडून पूजा केली. उकाडा कसला, अंगाची लाही होतेय. सकाळी जरा हुशारी वाटली. उद्या दसरा झाला की शेठला सांगून टाकायचं, तो कंप्युटर भंगारात—

नंतर

झुंबरमामांचा फोन आला होता. खुशीत होते. म्हणाले, काळजी करू नका ताई, काम झालं. आज यंत्रांची पूजा, म्हणून शेठनी नवा कीबोर्ड आणला. जोडला, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. आणि शेठच्या बायकोनं नारळ ठेवला. कीबोर्डवरच.

टिंग वाजलं म्हणे. आणि सगळी दारं उघडली. लोकांना फुलं मिळाली. तीन नंबरचंही दार उघडलं. आत कुणी नव्हतं, मामा म्हणाले, मी सोता पाहिलं, लय बरं वाटलं.

मी कुणाला काय म्हणू? कुणाचा दोष—

तासाभरानं

पंखा बंद केला. तरी गार. तोंडातून वाफ येते. बाहेर ऊन दिसतंय—

दार लागलंय. मी लावलेलं नाही. कडी निघत नाही.

आत्याला हाक मारली. ती ओसरीवर आहे, तिचं बोलणं ऐकू येतं. माझं तिला नाही—

पेनातली शाई उतरत नाही, तोंडात धरून—

कुणीतरी आलंय. आत्या म्हणतेय, ये रे ज्ञानेश, किती वाट पाहिली. तुझीच खोली झाडून ठेवली होती. रिकामीच आहे— आधी चहा घे—

आत्या, मी आहे. मी सुवर्णा. मी आत

कडीला हात चिक—