दुसरा घाव

४ फेब्रु., किन्हवली
टेकडीच्या माथ्यावरची डाइक आज पूर्ण चालून झाली. जुन्या लाव्ह्याच्या भेगेत गोठलेली काळ्या दगडाची उभी भिंत, आणि तिच्यात बोटभर लांब पांढरे फेल्डस्पार. इतके मोठे स्फटिक मुरबाडपर्यंत दुसरीकडे मिळालेले नाहीत. काशीनाथदादा म्हणाले, "काळ्या घोंगडीवर तांदूळ सांडल्यावानी दिसतंय, ताई." दादा भातशेती करतात, दोन हंगाम मला रानवाटा दाखवतायत. राहते त्यांच्याच घरी. माथा राखीव जंगलात. खदान पार खाली, ओढ्याच्या अलीकडे.

९ फेब्रु.
दुपारी सुरुंग. भोंगा नाही, हाक नाही. एक धोंडा पत्रा फोडून थेट चुलीपाशी. दादांच्या बायको, जनावैनी, भाकरी थापत होत्या. खांदा फुटला, हाड दिसत होतं. दादांनी लुगडं फाडून बांधलं, रिक्षात घालून शहापूर. वैनी वाटभर एकच, "तवा उतरवा गो कुणीतरी."
परत येऊन रक्त पुसताना धोंडा हातात आला. काळा. बोटभर पांढरे स्फटिक.
खदानीच्या दगडात हे नसतात. म्हणजे खदानवाले चोरून माथा फोडतायत.
दादांना सांगितलं. त्यांनी धोंडा हातात घेऊन पाहिला. मग, "तुमी तसं लिहून द्याल?"
देईन म्हटलं.

१३ फेब्रु., मुंबई
दोन्ही दगडांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली. चुलीजवळचा नि माथ्यावरचा. स्फटिकांतले पट्टे, झिजलेल्या कडा, सगळं जुळतंय. टाळीच वाजवली मी. मग वैनींचा खांदा आठवला. लाज वाटली.
अहवाल तहसील कचेरीत दिला.

१७ फेब्रु., किन्हवली
खदानीचा मुकादम आला, जीपमधून, दोन माणसं घेऊन. "मॅडम, दगड कधी साक्ष देतो का?" माझ्या नमुन्यांच्या पिशव्या अंगणात ओतल्या आणि वरून जीप पुढे-मागे. दोन हंगामांचं काम, चुरा. जाताना दादांच्या कानफटात दिली. वैनींच्या समोर. दादांनी हात उचलला नाही.
मीही नाही. नुसती उभी.

२० फेब्रु.
पाहणीला तलाठी यायचे होते. आले नाहीत. आम्ही दोघंच माथ्यावर गेलो, फोडलेल्या जागेवर खुणा करायला. मुकादम तिथेच. एकटा, हातात पहार. पहिलाच तडाखा दादांच्या गुडघ्यावर. ओला बांबू मोडावा तसा आवाज. दादा पडले. त्याने पुन्हा पहार उगारली, डोक्यावर. मी माझा दगड फोडायचा हातोडा घातला त्याच्या मनगटावर. पहार पडली. तो खाली बसला, हात पोटाशी धरून, "नको, नको" म्हणत.
तिथे संपलं होतं.
मी परत मारला. जबड्यावर.
अठरा वर्षं दगड फोडतेय. कुठे घाव घातला की काय फुटतं, हाताला ठाऊक. हे कुठेतरी नोंदलेलं असावं म्हणून लिहितेय.

२१ फेब्रु., शहापूर
दादांचा पाय प्लास्टरमध्ये. मुकादमाला ठाण्याला हलवलंय, अजून शुद्धीवर नाही.
दादांनी पोलिसांना सांगितलंय, हातोडा त्यांनी स्वतः मारला. मी भांडले.
"मी मारायलाच आलतो वर," म्हणाले. "तुमी आधी मारलंत, येवढंच."
"पहिला वाचवायला, दादा. दुसरा नाही."
"दुसरा कुणी पायला?"
वैनी खाटेच्या कडेला, हात झोळीत. खाली बघत म्हणाल्या, "यांना आत नेलं तर मी एका हातानं काय करू गो, ताई?"

२३ फेब्रु., पोलीस ठाणे
सांगितलं. हातोडा माझा, मारणारी मी. दादांचा जबाब खोटा.
हवालदारांनी मान वर केली नाही. लिहिता लिहिता, "बचावासाठी. एकदाच मारला. बरोबर ना, मॅडम?" वाक्य त्यांनीच जुळवून दिलं.
मी पाणी मागितलं.
मुकादमाची खबर नाही. हवालदार चहाला गेलेत, "वाचा आणि सही करा" म्हणून. तीनदा वाचलं. 'एकदाच' अगदी स्वच्छ अक्षरात.
वैनी दारातून डोकावल्या. "झालं का गो, ताई?"