ऋतिकाच्या प्रयोगातले हिरवे बटण

रावेर,
शनिवार

तीर्थस्वरूप नाना यांस,

धाकट्या बहिणीचा, म्हणजे बेबीचा, नमस्कार. (साष्टांग लिहिणार होते, पण गुडघ्यांमुळे आठातली पाचच अंगे वाकतात आणि पत्रात खोटे लिहू नये.) धुळ्याला ऊन फार असेल. तुमचा खोकला आणि वहिनींचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे.

लेकीला, ऋतिकाला, दोन वर्षे नेदरलँडला पाठवू नकोस, तू एकटी पडशील, जळगावला जाऊन तिची समजूत घाल, असे तुम्ही लिहिलेत. (खाली वहिनींच्या अक्षरात, ‘पोर हातनी गई.’) तुमचा शब्द कधी मोडला नाही, म्हणून गुरुवारी सकाळच्या एसटीने तिच्या कॉलेजात गेले. सोबत भरीत आणि कळण्याच्या भाकरी घेतल्या, कारण रिकाम्या पोटी कोणाचीच समजूत पटत नाही.

नेमका त्याच दिवशी तिचा प्रयोग. तिला तिकडे बोलावणारे योगराज पाटील साहेब (मूळचे चाळीसगावचे, वीस वर्षे तिकडेच) पडद्यावरून बघत होते. प्रयोग फसला तर निवड रद्द. मला कोपऱ्यात खुर्ची दिली आणि कोणी कशाला हात लावू नका, असे तिची मैत्रीण तबस्सुम दोनदा म्हणाली. (दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.)

प्रयोग मला कळला तसा सांगते. आपण मोबाईलवर जे काही बघतो ते कुठेतरी मोठ्या इमारतीत हजारो यंत्रांत ठेवलेले असते, आणि ती यंत्रे दिवसभर एकमेकांना निरोप धाडतात. तांब्याच्या तारेतून धाडले तर वीज फार जाते आणि यंत्रे तापतात, मग ती गार करायला आणखी वीज. म्हणून केसाएवढ्या काचेच्या दोऱ्यातून उजेडाने धाडतात. पण उजेड पाडणारे दिवे निरोप नसला तरी जळतच राहतात. आपली पोर रिकाम्या वाटेचा दिवा निजवते आणि निरोप आला की डोळा लवायच्या आत उठवते.

हे मला नंतर कळले. आधी एवढेच दिसले की हिरव्या दिव्यांची रांग एकेक करून विझतेय. नाना, शेतावर दिवा गेला की आपण विचार करतो का? पंपाच्या स्टार्टरकडे पळतो. मीही पळाले आणि टेबलावरचे हिरवे बटण दाबले. (लाल नाही, तेवढी अक्कल होती.) सगळे दिवे एकदम पेटले. मला वाटले, लेकीची लाज राखली.

“कोणी केलं हे?” पडद्यावरून साहेब.

“माझ्या आईने, सर.”

“आई काय करतात?”

“केळी.”

साहेबांनी मलाच विचारले, काकू, का दाबलंत? मी म्हटले, वीज आली की पंप सुरू करायचा, एवढेच आम्हाला ठाऊक. लोक तर पंप आपोआप सुरू करणारा ऑटो लावून ठेवतात, मळा भिजलेला असो नाहीतर कोरडा. हिच्या बाबांनी मात्र ऑटो काढून टाकला होता. मातीत हात घालून बघायचे, केळीला तहान असली तरच बटण.

“सर, माझी पद्धत तीच आहे,” ऋतिका म्हणाली. “बाबांचीच.”

मी डबा शोधायला खाली वाकले. तुमच्या दाजींना जाऊन चार वर्षे झाली, पण कोणी असे नाव काढले की मला अजून खाली वाकून करायचे काहीतरी काम निघते.

साहेबांनी आकडे तपासले. सगळे दिवे एकदम उठूनही एकही निरोप हरवला नव्हता. ही चाचणी शुक्रवारी व्हायची होती, ती माझ्या हातून उरकली. निवड पक्की झाली. भरीत पडद्यातून देता येत नाही, याचे साहेबांना फार वाईट वाटले.

मग जेवताना मी ऋतिकाची समजूत घातली आणि तिने ऐकले. पोर गुणाची आहे, वहिनींना तसे सांगा.

तुमची,
बेबी

ता. क. तुमची चाकांची मोठी सुटकेस वीस तारखेच्या आत पाठवा. पत्र त्यासाठीच लिहिले. वहिनींनी तिच्यात गोधड्या भरल्या असतील तर गोधड्यांसकट पाठवा, तिकडे थंडी असते.

आणखी एक. दिवाळीत तिकडचा तो अर्ज मीच तिला भरायला लावला होता. निवड झाली तरी जाणार नाही, आई एकटी पडेल, असे तीच म्हणत होती, अगदी तुमच्यासारखे. चौथ्या घासाला तिला जायचे पटले. हे वहिनींना सुटकेस इकडे पोचल्यावर सांगा.