गाडीपुढचा वाटाड्या

४ ऑक्टोबर, शनिवार

"ताई, कशाला जीव काढताय? घरात चालवणारं कुणीतरी असतंच."

मोटार ट्रेनिंग स्कूलच्या मास्तरांचं हे वाक्य. बावीस वर्षं झाली. खरं सांगायचं तर तेव्हा ऐकून हायसं वाटलं होतं. तिसऱ्या दिवसानंतर मी गेलेच नाही.

आज नाव नोंदवलं. आठ नोव्हेंबर, तीन दिवस, दगडी डोंगरवाट, दोन ओढे, नऊ गाड्या. 'चालक' या रकान्यात सरांनी माझं नाव लिहिलं. सर म्हणजे माझा नवरा. शाळेत पीटी शिकवतो, म्हणून अख्खी गल्ली त्याला सर म्हणते. मीही. आधी चिडवायला म्हणायचे, आता सवयच झालीय. अर्ज द्यायला तो एकटाच जीपवाल्यांच्या क्लबच्या ऑफिसात गेला, मी गाडीत बसून होते.

ही वाट त्याच्या डोक्यात लग्नाआधीपासून आहे. नकाशावर लाल पेन्सिलीने आखलेली, नकाशा घड्यांवर फाटलेला. जीप घेतली ती त्यासाठीच. मग उजवा हात थरथरायला लागला आणि मार्चमध्ये डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. एप्रिलमध्ये मी शिकायला लागले. शिकवलं त्यानेच, शेजारी बसून, एकदाही न ओरडता.

थरथर वाढत जाणार, असं डॉक्टर म्हणालेत. म्हणजे वाट यंदाच. मी त्याला वर नेणार. ठरलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

वसतिगृहातून लेकीचा फोन. "आई, तू स्कूटर वळवायची तरी खाली उतरतेस! बाबा घाबरत नाहीत?"

त्याला विचारलं. म्हणाला, "घाबरतो ना. पण पट्टा लावून."

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दवाखान्यातून लवकर निघाले. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जा, पेशंटना मी सांभाळते, तू तुझं डबडं सांभाळ." देव त्यांचं भलं करो.

मेस्त्रींनी गॅरेजात चटई अंथरली. "मॅडम, चहा नंतर. आधी खाली या." मी साडी नेसून जीपखाली! त्यांनी टॉर्च मारून मागच्या दोन चाकांमधला लोखंडी गोळा दाखवला. "हा दगडाला आपटला की खेळ खल्लास. दगड दिसला की चाक त्याच्यावर चढवायचं. मधोमध घ्यायचा नाही."

आणि मी आजवर प्रत्येक दगड मधोमध घेतला! त्यालाच शहाणपण समजत होते.

निघताना त्यांनी आपला टोचनचा दोर, अडकलेली गाडी ओढायचा, जीपमध्ये मागे टाकला. "परत आणून द्यायचा हं. म्हणजे तुम्हीही परत याल."

१२ ऑक्टोबर, रविवार

बंद पडलेल्या खाणीच्या मैदानावर पहिला सराव. आम्हाला वाटेवर नेणारे गृहस्थ आयुष्यभर बोअरवेलचा ट्रक चालवून निवृत्त झालेत. सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात. त्यांचा नियम एकच. अवघड जागी एक माणूस खाली उतरून गाडीच्या पुढे उभा राहतो. तो वाटाड्या. चालकाने चाकाकडे बघायचं नाही, दगडाकडे नाही, दरीकडे तर नाहीच. फक्त वाटाड्याच्या हातांकडे.

माझा वाटाड्या अर्थातच सर.

आता गंमत अशी की पंचवीस वर्षं मुलांसमोर तोंड करून कवायत घेतल्यामुळे 'उजवा' म्हणताना हा डावा हात वर करतो, समोरच्यांना सोपं जावं म्हणून. घरीसुद्धा. "उजवीकडचा डबा दे" म्हणतो आणि डावीकडे बोट. मला ही खोड पाठ. म्हणून त्याने हात केला तसा मी मनातल्या मनात तो उलटा केला आणि पुढचं चाक थेट चरात घातलं.

कॅप्टन आले, वाकून बघितलं. "सरांचा हात बरोबर होता, मॅडम. तुम्ही नवऱ्याला दुरुस्त करायला गेलात. ते घरी करा."

सर हसून हसून दगडावर बसला. इतकं हसताना मी त्याला मार्चनंतर बघितलं नव्हतं. चरात गेलेल्या त्या चाकाचे आभार.

नंतरचं मात्र लिहायला जड जातंय. 'थांब' म्हणजे उघडा पंजा, स्थिर. 'ये' म्हणजे हलणारी बोटं. त्याने 'थांब' दाखवलं आणि पंजा हलत राहिला. मी थांबले, कारण मला तो हात माहीत आहे. कॅप्टननी ते पाहिलं. एवढंच म्हणाले, "सव्वीसला पुन्हा बघू. मग ठरवतो."

१५ ऑक्टोबर, बुधवार

शाळेत तो उजवा हात खिशात ठेवतो. मुलांना वाटतं, सर ऐटीत आहेत.

१९ ऑक्टोबर, रविवार

उपाय सापडला. क्रीडादिनाची लाल निशाणं! डाव्या हातात एक. वर म्हणजे थांब, खाली म्हणजे ये, बाजूला म्हणजे त्या बाजूला. गल्लीत सराव केला. शेजारच्या काकूंनी आपली गाडी मुद्दाम दुसरीकडे नेऊन लावली आणि मग गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या. "एवढं करमणुकीचं कधी बघितलं नाही गं," म्हणाल्या.

२६ ऑक्टोबर, रविवार

झालं.

टायरमधली हवा कमी केली, लो गिअर टाकला, क्लचवरचा पाय काढला. चढ असा की समोर फक्त आभाळ. जमीन दिसेना. मग त्या आभाळात आधी लाल निशाण आलं, मग त्याचं डोकं, मग तो. मी फक्त निशाण बघितलं. खाली काय होतं ते आत्ताही माहीत नाही. गाडी कण्हत, डुलत वर आली तेव्हा तो मागे मागे सरकत होता आणि त्याचा उजवा हात पट्ट्यात खोचलेला होता.

कॅप्टन म्हणाले, "मॅडम, तुम्हाला गाडी येते."

चव्वेचाळीसाव्या वर्षी हे वाक्य मिळालं. घरी येऊन आंघोळ केली, केसांतून मूठभर माती निघाली. किती लोकांनी मला वर ढकललंय! मेस्त्री, डॉक्टरीणबाई, काकू, चिडवणारी लेक. आणि सात महिने माझ्या चुका शेजारी बसून सोसणारा हा माणूस.

२ नोव्हेंबर, रविवार

सामान भरलं. दोन झोपायच्या पिशव्या, दोन रेनकोट, त्याच्या गोळ्यांसाठी वरचा कप्पा. गोळ्यांची डबी भरू का, विचारलं तर म्हणाला, "राहू दे, मी भरतो."

५ नोव्हेंबर, बुधवार

कॅप्टननी यादी पाठवली. गाडी सातवी. चालक मी. वाटाड्या: क्लबचा माणूस.

चूक असेल म्हणून फोन केला. कॅप्टन म्हणाले, "मॅडम, अर्ज द्यायला आले तेव्हाच सरांनी सांगितलं होतं की मी येणार नाही, तिला न्या. तयारी माझ्याबरोबर होऊ द्या, नाहीतर ती मध्येच सोडेल. मला वाटलं, एव्हाना बोलले असतील तुमच्याशी."

घरी आले. तो निशाणाला इस्त्री करत होता, डाव्या हाताने. माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं.

"नऊ गाड्यांच्या माणसांसमोर तीन दिवस हा हात घेऊन नाही वावरायचं मला," म्हणाला. मग इस्त्री उभी करून ठेवली. "आणि तुला गाडी यायला हवी होती. पुढे लागेल."

मला वाटत होतं, मी त्याला नेतेय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर रागवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

तो शाळेतून आला की विचारणार आहे. वाटाड्या क्लबचाच असू दे. तू खाली उतरू नकोस, कुणाला हात दाखवू नकोस, कुणाशी बोलू नकोस. नुसता माझ्या शेजारी बस, सात महिने बसलास तसा. तो 'नको' म्हणेल, माझं वाक्य संपायच्या आतच म्हणेल. तरी विचारणार. येशील?