समुद्र, व्हाया नागपूर

१२ नोव्हेंबर, सं. ६.१०
आजपासून सगळं बदललं. नेमका क्षण लिहून ठेवतो, पुढे लागेल. जबलपूर, राइट टाउन, ज्यूसवाल्यासमोर, प्रणोतीने हेल्मेट काढलं, केस झटकले आणि म्हणाली, डिसेंबर एंडला आम्ही गोवा ते कर्नाटकातलं मुल्की बॅकपॅकिंग करतोय, सर्फिंग-बिर्फिंग, फ्री असशील तर ये. "आम्ही"मध्ये आर्या, दुर्वा आणि तो सिद्धेश. "ये" मात्र फक्त मला. शेजारी ज्यूसवालाही उभा होता, त्याला नाही म्हणाली.

फ्री तर मी दीड वर्षापासून आहे, कॉलेज सोडलं तेव्हापासून. पण म्हटलं, शेड्यूल टाइट आहे, बघतो. सिद्धेशने विचारलं, पोहता येतं का. म्हटलं, नर्मदेकाठचा माणूस आहे मी. हे काही उत्तर नव्हतं, पण बँकेत दिवसभर शिक्के मारणाऱ्याला ते कळलं नाही.

२ जानेवारीला ती बेंगळुरूला जॉब जॉइन करतेय. समुद्रावरून परस्पर तिकडेच, जबलपूरला परत येणार नाही. म्हणजे जे बोलायचंय ते तिथेच. ३१ डिसेंबर, मुल्की, लाटेवर. फिक्स.

१४ नोव्हेंबर
त्या चौघांची ट्रेनची तिकिटं कन्फर्म. आता वेटिंग १४० चालू आहे. बरंच झालं. दोन महिने आधी बर्थ बुक करतो तो टूरिस्ट. बॅकपॅकर नुसता निघतो.

कमानिया गेटजवळून सॅक घेतली. नारिंगी, ६५ लिटर. दुकानदार म्हणाला, "भैया, इसमें पूरा घर आ जाएगा." घर सोडायला घेतोय, भरायला नाही. बोललो नाही त्याला. पातळी नाही.

१९ नोव्हेंबर
ट्रेनिंग सुरू. दिवाणावर फळी, फळीवर पालथा, एकदम उठून उभं राहायचं. व्हिडिओत ती ऑस्ट्रेलियन पोरगी एका सेकंदात उठते. मला अकरा लागले, पण तिच्याकडे गादी नव्हती.

बाबा फॅक्टरीतून आले, दारातून बघत राहिले. काहून रे, काय करून राहिला? म्हटलं, उभं राहायची प्रॅक्टिस. म्हणाले, सेकंड इयरपर्यंत तरी उभा राहिला असता. या घरात व्हिजन नावाची गोष्ट नाही.

२३ नोव्हेंबर
ग्वारीघाट. गुडघ्यापर्यंत उतरलो. पाणी बर्फ. नाववाला ओरडून विचारतो, "भैया, तैरने आए हो कि पैर धोने?" त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

विचारांती निर्णय: नदी आणि समुद्र ही दोन वेगळी शास्त्रं. नदीतल्या सवयी समुद्रात नडतात. नदी बंद.

२ डिसेंबर
बजेट प्लॅन. हॉस्टेलमध्ये पैसे भरून उतरणं हे श्रीमंतांच्या पोरांचं नाटक. मी नातेवाइकांकडे उतरणार. पहिला मुक्काम नागपूर, आत्याकडे. तिथून पुढे जमेल तसं.

आत्याला फोन केला. तिने विचारलं, किती दिवस आहेस बाबू? म्हटलं, पुरा डिसेंबर फ्री आहे आत्या. फोनवर रडलीच ती. माझ्या प्रवासाने लोक हलतात, हे मला माहीत होतं. एवढे हलतील असं वाटलं नव्हतं.

१० डिसेंबर
आज बाबांना सांगितलं. महायुद्धाची तयारी होती, भाषण तीन पानी होतं. पहिल्या पानालाच बाबा म्हणाले, जा. वर बसचे पैसे दिले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आमचं नाव राखजो तिथं.

समुद्रावर? राखतो. शेवटी बापाला पोरगा कळला.

२० डिसेंबर
आईने सॅकच्या तळाशी एक गाठोडं कोंबलं. आत्याला दे, मधे उघडू नको. वर दोन किलो खव्याची जिलेबी. जागाच उरली नाही, म्हणून जीन्स काढल्या. फुलाफुलांच्या दोन हाफपँटी आणि सर्फिंगचा टाइट शर्ट ठेवला. एवढंच लागतं माणसाला.

२१ डिसेंबर, नागपूर
आत्याने दार उघडलं आणि आत बघून ओरडली, "आले हो, मामा आले."

मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं.

गाठोड्यात साडी निघाली आणि आतोबांना शर्ट-पँटचं कापड. अठ्ठावीसला आत्याच्या नेहाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. बाबा नेहाचे मामा. मामाच्या हातून साडी मिळाल्याशिवाय आमच्यात पोरगी साक्षगंधाला बसत नाही. बाबांना फॅक्टरीत सुटी मिळेना. तितक्यात मी आत्याला फोन करून सांगितलं की पुरा डिसेंबर फ्री आहे. तिने लगेच बाबांना कळवलं.

बाबांनी मला सर्फिंगला सोडलं नव्हतं. मामा म्हणून पार्सल केलं होतं.

२२ डिसेंबर
जाहीर केलं, उद्या निघतो. आत्या शांतपणे भाजी चिरत म्हणाली, जा ना बाबू, कोणी धरलं? फक्त साडी कोण देईल तेवढं सांगून जा. गणपत आतोबांनी पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं, पेपर वर केला. हे इमोशनल अत्याचार आहेत.

नवीन हिशोब: अठ्ठावीसला संध्याकाळी बस, तीसला मुल्की. एकतीस हातात. आणि उशिरा पोचणाऱ्याची वेगळी एन्ट्री असते.

२४ डिसेंबर
ऐंशी खुर्च्या उतरवल्या. आतोबा माझी सॅक घेऊन मंडईत गेले होते, कोबी आणि कांदे घेऊन आले. म्हणाले, मस्त पिशवी आहे रे, किती मावते. गोकर्णच्या वाळूसाठी घेतलेली सॅक आता कांद्याचा वास मारते.

गल्लीतली पोरं मला मामा म्हणून राहिली. एक तर माझ्याहून मोठा आहे.

२५ डिसेंबर
प्रणोतीचा व्हिडिओ, गोकर्ण. सिद्धेश बोर्डवर उभा. तीन सेकंद. मी थांबवून थांबवून मोजले. तोंड बकरीसारखं. नंतर पडतो तेव्हा प्रणोती हसते, पण ते चांगलं हसणं आहे. हे मला आवडलं नाही.

तिचा मेसेज, कुठे पोचलास? लिहिलं, ऑन द रोड. खोटं नाही. वांगी आणायला रोडवरच होतो. म्हणाली, लोकेशन पाठव. लिहिलं, नेटवर्क नाही. नेटवर्कवरूनच लिहिलं.

२८ डिसेंबर
साक्षगंध. हाफपँटीत मामा चालत नाही म्हणे. आतोबांचा सफारी घातला, कमरेला दोन सेफ्टी पिना. बुद्धवंदना, पंचशील झालं, मग साडी दिली. मामा कसा ताठ उभा होता, असं सगळे म्हणतात. पिन टोचत होती.

नेहा मात्र रडली. माझ्या पाया पडायला वाकली, ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. मला काय करावं सुचेना, मीही वाकलो. डोकी आपटली. त्याच क्षणाचा फोटो नवरदेवाच्या बहिणीने टाकला, मला टॅग करून. खाली लिहिलं, अपने मामाजी.

संध्याकाळची बस गेली. खुर्च्या परत कोण मोजून देणार होतं?

२९ डिसेंबर, सकाळी ८
प्रणोतीचा मेसेज. जसाच्या तसा उतरवतो: "मामाजी, क्यूट दिसतोयस. टेन्शन नको घेऊ, तू येशील असं आम्ही धरलंच नव्हतं, बेड चारच बुक केलेत. सुन ना, माझ्या मार्कशीटची फाइल घरी राहिली. आईला कुरियर जमत नाही. जबलपूरला पोचलास की करशील? फ्री आहेस ना."

डोकं फिरलं. आत्ताच्या आत्ता निघतो म्हटलं. दहाची पुण्याची बस, तिथून गोवा, अजूनही एकतीसला मुल्की. बेड नको, वाळूत झोपेन.

नेहा चहा घेऊन आली. म्हणाली, ही बस तर रोज असते रे. तेवीसलाही होती. साडी मी आईच्या हातून घेतली असती, काहून नाही बसला? म्हटलं, जबाबदारी असते. म्हणाली, पोहता येते का तुला? म्हटलं, नर्मदेकाठचा माणूस आहे मी. म्हणाली, मालूम आहे. लहानपणी ग्वारीघाटच्या पायरीवर बसून घरी चला म्हणून रडत होता, मीच कडेवर घेतलं होतं.

मुली फार बारीकसारीक लक्षात ठेवतात.

८.५०
सॅक उचलली, उचलेना. आत्याने रात्रीच बुंदी भरून ठेवलीय, जबलपूरच्या सगळ्या घरांसाठी. नावं लिहिलेल्या पिशव्या. जबलपूरची बस साडेनऊला. पुण्याच्या आधी येते, त्याला मी काय करू.

प्रणोतीला लिहिलं, शेड्यूल टाइट आहे, बघतो. खोडलं. लिहिलं, बेंगळुरूचा पत्ता पाठव.

अशा घरातून निघताना दार आपटायचं असं पहिल्या दिवशीच ठरवलं होतं, गल्लीला ऐकू जाईल असं. पण एका हातात जिलेबीचा रिकामा डबा, दुसऱ्यात आतोबांनी हट्टाने दिलेला सफारी. पायाने ओढलं तर अर्धंच लागलं. मग डबा खाली ठेवला, वळलो, आणि दोन्ही हातांनी, आवाज न करता, दार नीट लावून घेतलं.