दार आतून उघडत नाही

७ सप्टेंबर, रविवार

बस्स. यापुढे भीमरावांच्या गाडीत पाय ठेवणार नाही. भीमराव म्हणजे सौ.च्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे साडू. धंदा मांडव-डेकोरेशनचा, बोलणं लाउडस्पीकरचं. चिंचवडला बारशाला निघालो, तर मला पुन्हा तिसऱ्या रांगेत बसवलं, सासूबाईंच्या घडीच्या खुर्चीशेजारी. म्हणे, साडूबुवा बारीक आहेत, मावतात. सगळे हसले. सौ. सगळ्यात आधी हसली.

नवरात्रात तुळजापूरला कुलदेवीला जायचंच आहे. दरवर्षी यांच्याच गाडीतून जातो. या वर्षी मी माझ्या गाडीतून जाणार. कोण कुठे बसेल हे मी ठरवणार. भीमरावांना मागे बसवणार. ते मावणार नाहीत. त्याला माझा इलाज नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

ऑफिसात काम नव्हतं. असलं तरी केलं नसतं. दिवसभर मोबाइलवर सेकंडहँड गाड्या बघितल्या. कात्रजच्या पुढे गेनबा म्हणून एकाची जुनी व्हॅन आहे. आधी तीत दुधाचे कॅन जायचे. फोटोत बरी दिसते. फोटोत तर भीमरावही बरे दिसतात, म्हणून प्रत्यक्ष पाहणार.

मुख्य गंमत अशी की आजपासून पितृपंधरवडा. पंधरा दिवस या गावात कोणी साधा चमचा घेत नाही, गाडी कोण घेणार? विकणारा रडकुंडीला आलेला असणार. मी सोडून हे कोणाच्या डोक्यात आलेलं नाही. लोक अंधश्रद्धाळू असल्याचा एवढा एकच फायदा असतो.

१० सप्टेंबर, बुधवार

हाफ-डे टाकून कात्रजला गेलो. स्कूटरवर सौ.ला घेतलं. तिने वाटेत दोनदा विचारलं, तुम्हाला गाडी येते का? लायसन्स आहे म्हटलं. ती म्हणाली, ते मीही पाहिलंय, फोटोत तुम्हाला मिशा आहेत.

व्हॅन पाहिली. सायलेन्सर फुटलाय. क्लच घसरतो. मॅट उचलली की खालची जमीन दिसते. उजवीकडचं सरकतं दार गेनबाने कॅन पडू नयेत म्हणून वेल्डिंग मारून कायमचं बंद केलंय. डावीकडचं बाहेरून उघडतं, आतून उघडत नाही. मागच्या सीटची खिडकी जेमतेम चार बोटं सरकते. आत आंबट वास.

प्रत्येक दोषाला मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, कारण प्रत्येक दोष म्हणजे भाव खाली. गेनबाला तोंडावर सांगितलं, ही गाडी नाही, भंगार आहे. तो बॉनेटवरून फडकं फिरवत राहिला. हा प्रकार दोघांनाही कळत असतो.

परतताना सौ.ने विचारलं, आतून दार उघडत नसेल तर उतरायचं कसं? मी म्हटलं, तो दोष नाही, सेफ्टी आहे. धावत्या गाडीतून कोणी पडत नाही. तिने स्कूटरची मागची दांडी आणखी घट्ट धरली.

११ सप्टेंबर, गुरुवार

सोसायटीचे चेअरमन बद्रीनाथ यांच्याकडे पार्किंगसाठी अर्ज दिला. वाचून परत केला. आधी गाडी आणा, मग जागा मागा म्हणाले. या माणसाने आयुष्यात कोणाचं भलं केलेलं नाही. खाली रिकाम्या जागेवर आपल्या दोन कुंड्या ठेवून आलो.

संध्याकाळी कुंड्या जिन्यात होत्या. तुळस मोडली. सौ. माझ्याशी बोलत नाही, बद्रीनाथांशी बोलते.

१३ सप्टेंबर, शनिवार

गेनबाला फोन केला. तो म्हणाला, सायेब, द्यायच्या आधी त्या दाराची खिट्टी बसवून देतो, न्हायतर आत अडकाल. मी ताबडतोब ओरडलो, हात लावायचा नाही. दार बिघडलेलं राहू दे आणि तेवढा भाव कमी कर. मला कच्चा समजतो.

मग माझी अट सांगितली. भाव पितृपंधरवड्याचा, पण पैसे आणि गाडीचा ताबा घटस्थापनेला. तो म्हणाला, मग भाव बी घटस्थापनेचाच पडंल की. किती लबाड माणूस.

नोंद असावी, माझा पितृपंधरवड्यावर काडीचा विश्वास नाही. सौ.चा आहे, म्हणून थांबतोय.

सौ.ला विचारलं. तिचा नाही. ती म्हणाली, घ्यायची तर आजच घ्या, नाहीतर विषय बंद करा, मला तुळस लावायचीय. बायका मनातलं कधी सांगत नाहीत. थांबणंच बरं.

१४ सप्टेंबर, रविवार

फॅमिली ग्रुपवर व्हॅनचा फोटो टाकला. खाली लिहिलं, लवकरच येत आहे, यंदा तुळजापूर आमच्या गाडीने. गेनबाचा पत्ता आणि नंबरही टाकला, थापा मारतोय असं कोणाला वाटायला नको. आणखी लिहिलं की काही लोक गुरुजींना विचारल्याशिवाय पाणी पीत नाहीत, म्हणून हुशार माणसाला सौदा जमतो. काही लोक म्हणजे कोण, हे सगळ्यांना कळलं.

भीमरावांनी फक्त अंगठा पाठवला. जळले.

आमची ऋतिका म्हणाली, बाबा, तुम्ही लोकेशन कशाला टाकलं? या पिढीला बापाचा अभिमान म्हणून नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

निर्णय झाला. घेणार.

संध्याकाळ. कोथरूडच्या गॅरेजवाल्या कोंडीरामला विचारलं. न बघता खर्च सांगितला. नाही घेणार.

रात्र. भीमराव स्वप्नात आले. पुढे बसले होते. घेणार.

१८ सप्टेंबर, गुरुवार

गेनबाचा फोन आला. शेवटचं विचारतो म्हणाला, आज येताय का? माझ्या लगेच लक्षात आलं, टेकीला आलाय. अमावास्येपर्यंत आणखी मऊ होईल. विचार करून सांगतो म्हटलं आणि मीच फोन ठेवला. आतापर्यंतच्या आयुष्यात इतका पक्का व्यवहार मी केला नव्हता.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावास्या

वडिलांचं पान ठेवलं. कावळा आला नाही. वडील मागेही माझ्यावर नाराजच असायचे.

दुपारी गेनबाला फोन केला, उद्या येतो म्हटलं. तो म्हणाला, गाडी तर गुरुवारीच गेली. कोणाला? तर म्हणे, तुमचंच पाव्हणं की, मांडववालं. लई भला माणूस हाय. गाडीला हात जोडलं, भाव केला न्हाय, नाव ठेवलं न्हाय.

भीमरावांना फोन लावला. पितृपंधरवड्यात गाडी घेतलीत? तुम्ही? ते शांतपणे म्हणाले, गुरुजींना विचारून घेतली. जुनी गाडी म्हणजे खरेदी नव्हे, ती कोणीतरी आधीच खरेदी केलेली असते. तिला पितृपंधरवडा लागत नाही. नवरात्राचे मांडव आहेत, सामान वाहायला हवीच होती. पत्ता टाकलात, उपकार झाले.

घरात सांगितलं. सौ. म्हणाली, दाजींनी मला बुधवारी विचारलं होतं, हे घेणार आहेत का म्हणून. मग तू काय सांगितलंस? ती म्हणाली, खरं ते सांगितलं.

या घरात मला कोणी नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

व्हॅन भंगारच होती. वाचलो. भीमराव कसे फसलेत ते त्यांना ग्रुपवर सविस्तर लिहिलं. कोणी उत्तर दिलं नाही. सगळ्यांनी वाचलंय, निळ्या खुणा आहेत.

तुळजापूरला यंदा जाणार नाही. देवी समजून घेईल.

२७ सप्टेंबर, शनिवार

सौ. म्हणाली, नका येऊ. तेवढीच जागा होईल.

जाणार.

२८ सप्टेंबर, रविवार. सोलापूर रोडवर कुठेतरी

भीमरावांच्या मोठ्या गाडीत त्यांचे नवे व्याही बसले. बाकीच्यांसाठी व्हॅन काढली. क्लच नवा, सायलेन्सर नवा, खाली पत्रा मारलाय. वासही नाही. चालवायला भीमरावांचा मुलगा साईनाथ, पुढे सासूबाई, मधे सौ. आणि ऋतिका. मागे सामानाबरोबर मी. भीमराव म्हणाले, साडूबुवा मावतात.

इंदापूरच्या पुढे सगळे नाश्त्याला उतरले. मी उतरलो नाही. आज काय तो सोक्षमोक्ष होऊ दे. मला न्यायला भीमरावांनी स्वतः यावं, चार शब्द बोलावेत, मगच उतरायचं असं ठरवलं. सौ.ने एकदा विचारलं. मी तोंड फिरवलं. तिने मधल्या सीटवर बॅगा रचल्या आणि दार ओढून घेतलं.

हॉटेलच्या काचेतून दिसतंय, भीमराव दुसरी मिसळ मागवतायत. कोणी इकडे पाहत नाही. ठीक आहे. माझ्या पायांनी जाईन, वेगळ्या टेबलावर बसेन आणि माझं बिल मी देईन.

दार आतून उघडत नाही.

बाकी सगळं दुरुस्त केलं, दार तेवढं ठेवलं. उजवीकडे वेल्डिंग आहे. पुढे जावं तर मधे बॅगांचा डोंगर. खिडकी चार बोटं. हाक मारणार नाही. माणसाने मान सांभाळावा.

हाक मारली. गाणी लावलीत त्यांनी, ऐकू जात नाही.

फोन केला. सौ.चा फोन माझ्याच मांडीवरच्या पिशवीत वाजला.

शेवटी भीमरावांना केला. त्यांना सगळं ऐकवलं, दार दुरुस्त न करता माणसं बसवता, लाज वाटत नाही का, सगळं. ते म्हणाले, दार बसवूनच घेणार होतो, पण तुमच्या मंडळी म्हणाल्या, यांना विचारा, यांच्या मते ती सेफ्टी आहे. तुम्हाला फोन करणारही होतो, पण तुम्ही ग्रुपवर एवढं लिहिलंत, म्हटलं रागावले असतील. बसा, मिसळ संपवून आलोच.

सासूबाई चहाचा कप घेऊन खिडकीशी आल्या. कप फटीतून येईना. बराच वेळ तिरका करून पाहिला. मग त्यांनीच तो पिऊन टाकला, उभ्या उभ्या, माझ्याकडे बघत.